आई, मी लहानपणी कसा होतो?



या सदरात आजवर मी गुडघे, साखर, रक्तदाब आणि मोतीबिंदू यांच्यापलीकडे फारशी गेले नाही. आपली वयेच तशी आहेत. आजचा विषय मात्र आपल्या मुलांचा आहे. मुले म्हणजे नातवंडे नव्हेत. चाळिशी-पन्नाशीला आलेली, चष्मे लागलेली आपली मुले.

माझा भाचा गेली चौदा वर्षे कुवेतमध्ये आहे. तेलाच्या कारखान्यांची कामे घेणाऱ्या एका कंपनीत तो इंजिनिअर आहे. बायको आणि सहा वर्षांचा मुलगा यांच्यासह मंगाफला राहतो. तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, म्हणून त्याचा फोन दर शुक्रवारी येतो, आमच्याकडे शब्बाथचे दिवे लागायच्या आधी. मागच्या वर्षी अशाच एका शुक्रवारी त्याने विचारले, "मावशी, मी बोलायला कधी लागलो गं? आणि चालताना टाचा टेकायचो का?"

मला वाटले, मुलाबद्दल काही विचारतो आहे. त्याच्या मुलाला ऑटिझम, म्हणजे आपण मराठीत जिला स्वमग्नता म्हणतो ती, आहे असे तिथल्या डॉक्टरांनी नुकतेच सांगितले होते. मी म्हटले, "अरे, बाळाचं तूच सांग, मी इतक्या लांबून काय सांगणार?" तो म्हणाला, "बाळाचं नाही गं. माझंच विचारतोय."

झाले होते असे. मुलाच्या तपासणीसाठी दवाखान्याने आईवडिलांना प्रश्नांचा एक कागद भरायला दिला होता. तो रात्री बसून भरत होता. मोठा आवाज सहन होतो का? ठरलेला बेत बदलला तर काय होते? बोलताना समोरच्याकडे पाहतो का? मुलाची उत्तरे लिहिता लिहिता हे आपलेच वर्णन चालले आहे असे त्याला वाटू लागले. वय वर्षे ४३. पहाटे दोनपर्यंत तो त्या कागदापुढे बसून होता, असे त्याच्या बायकोने मला नंतर सांगितले.

माझ्याआधी त्याने आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, फोन केला होता. ती उखडली. "चांगला शिकलास, परदेशात नोकरी लागली, लग्न झालं, मूल झालं. आता हे कसलं खूळ डोक्यात घेतलंस?" असे म्हणून तिने फोन ठेवला. खरे सांगायचे तर माझ्याही मनात पहिल्यांदा तेच आले. एकतीस वर्षे परिचारिकेची नोकरी करूनही आले. नातवाचे ऐकून तो हबकला आहे, चार दिवसांत निवळेल, असे मी बहिणीला म्हटलेसुद्धा. ती माझी चूक होती, आणि ती आपल्यापैकी इतरांच्या हातून होऊ नये म्हणून हा लेख.

आधी हे काय प्रकरण आहे ते थोडक्यात सांगते. स्वमग्नता हा रोग नाही, वेडही नाही. मेंदूची घडणच जन्मापासून जरा वेगळी असते. माणसांशी बोलणे-वागणे, त्यांच्या चेहऱ्यावरून मनातले ओळखणे हे जे इतरांना आपोआप येते, ते यांना शिकून घ्यावे लागते. आवाज, उजेड, स्पर्श, वास यांतले काही फार बोचते. ठरलेले ठरल्याप्रमाणे झाले की बरे वाटते. एखाद्या विषयात शिरले की त्याचा तळ गाठल्याशिवाय बाहेर येत नाहीत. काहींना बोलताच येत नाही, आयुष्यभर कोणीतरी सोबत लागते. काहीजण इंजिनिअर होऊन कुवेतला जातात. या दोन टोकांच्या मध्ये नाना तऱ्हा आहेत.

मला 'स्वमग्न' हा शब्द तितकासा पटत नाही. तो ऐकला की माणूस स्वतःतच गुंग आहे, दुसऱ्याची त्याला पर्वा नाही, असे वाटते. माझा भाचा तसा नाही. आजोबांच्या शेवटच्या आजारपणात रजा काढून आला आणि महिनाभर त्यांच्या उशाशी बसला. फक्त बोलला काही नाही. कुवेतमध्ये अरबीत या अवस्थेला 'तवह्हुद' म्हणतात. 'वाहिद' म्हणजे एक, त्यातून आलेला हा शब्द. आपण शमा म्हणताना जो 'एहाद' उच्चारतो, त्याचे आणि या शब्दाचे मूळ एकच. एकटा पडलेला, असा त्याचा भाव मला जास्त जवळचा वाटतो.

आता कोणी म्हणेल, आमच्या वेळी असले काही नव्हते. होते, पण नाव नव्हते. किंवा नाव होते ते आपल्यापर्यंत आले नव्हते. मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा नावाच्या एका ज्यू डॉक्टरीणबाईंनी १९२५ सालीच अशा मुलांचे बारकाईने वर्णन केले होते. ते जगाच्या ध्यानात आले नाही. १९४३ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर निबंध लिहिला, तो गाजला. कॅनरही आपल्याच धर्माचे, मूळचे गॅलिशियाचे. हिटलरच्या काळात अनेक ज्यू डॉक्टरांना अमेरिकेत आणण्यासाठी त्यांनी धडपड केली. त्याच सुमारास, १९४४ मध्ये, व्हिएन्नाच्या हान्स आस्पर्गर यांनीही अशाच मुलांवर लिहिले, आणि पुढे बोलण्या-शिकण्यात हुशार असलेल्या अशा माणसांना त्यांचे नाव चिकटले. पण या गृहस्थांनी काही मुलांना श्पीगेलग्रुंड नावाच्या संस्थेत पाठवले होते आणि तिथे नाझींनी सातशेहून अधिक मुले मारली, हे २०१८ मध्ये कागदपत्रांनिशी पुढे आले. मी तरी ते नाव तोंडात घेत नाही. २०१३ पासून अमेरिकी डॉक्टरांच्या यादीतूनही ते गेले आहे. तुमच्या घरी कुणाच्या जुन्या अहवालात ते दिसले तर गोंधळू नका, ती स्वमग्नताच.

डॉक्टरांच्या त्या यादीत स्वतंत्र निदान म्हणून ऑटिझम आला तो १९८० मध्ये. माझा भाचा जन्मला त्याच्या थोड्याच वर्षांनी. त्या वेळी ठाण्यातल्या शाळेतल्या बाईंना, आमच्या फॅमिली डॉक्टरांना किंवा मला तरी हे कुठून कळणार होते? दिल्लीत 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था निघाली १९९१ मध्ये. १९९५ च्या आपल्या अपंगांच्या कायद्यात ऑटिझमचे नावही नव्हते. ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात आले आणि मग २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत. म्हणजे आपली मुले वाढली तो सगळा काळ याबाबतीत कोराच होता. इंग्लंडमध्ये २०२३ साली एक अभ्यास झाला. पन्नाशी ओलांडलेल्या स्वमग्न माणसांपैकी दहातल्या नऊ जणांना आपण तसे आहोत हे कुणी सांगितलेलेच नसावे, असा अंदाज त्यात निघाला. इंग्लंडसारख्या देशात ही गत, तर आपल्याकडची विचारायला नको.

कुवेतची गोष्ट सांगते. तिथे या कामाची सुरुवात एका आईने केली. डॉ. समीरा अल-साद यांच्या स्वतःच्या मुलीला ऑटिझम होता. त्या परदेशात जाऊन शिकल्या, आणि इराकच्या कब्ज्यातून देश सुटल्यावर थोड्याच वर्षांत, १९९४ मध्ये, त्यांनी 'कुवेत सेंटर फॉर ऑटिझम' उभे केले. स्वतःच्या अनुभवावर अरबीत पुस्तकही लिहिले. आखातातल्या कितीतरी आईवडिलांना त्यामुळे धीर आला. २ एप्रिल हा जागतिक ऑटिझम दिन जगभर पाळला जातो, तोही शेजारच्या कतारने संयुक्त राष्ट्रांत २००७ साली मांडलेल्या ठरावातून आला. आखात म्हटले की आपल्याला तेल आणि सोने आठवते, पण या विषयात ते लोक आपल्या मागे नाहीत.

अडचण आहे ती मोठ्या माणसांची. लहान मुलाच्या मागे शाळा असते, आई असते, बालरोगतज्ज्ञ असतो. कुठेतरी कुणीतरी हटकतेच. चाळिशीच्या पुरुषाला कोण हटकणार? त्यातून तो परदेशी. कुवेतचा २०१० चा आठ क्रमांकाचा अपंगांचा कायदा चांगला आहे, पण तो मुख्यतः कुवेती नागरिकांसाठी आणि कुवेती स्त्रियांच्या मुलांसाठी. बाहेरून पोटासाठी आलेल्याने खाजगी दवाखाना गाठायचा आणि खिशातून खर्च करायचा. माझा भाचा तसा गेला. तिथल्या डॉक्टरांनी दहा मिनिटे ऐकून घेतले आणि म्हणाले, "लग्न झालंय, नोकरी आहे, माझ्याशी नीट बोलताय. तुम्हाला कसला ऑटिझम?" आणि झोपेची गोळी लिहून दिली.

त्या डॉक्टरांना मी दोष देत बसणार नाही. माझ्या नोकरीच्या काळात मीही अशा कितीजणांना "काही नाही, मनावर घेऊ नका" म्हणून परत पाठवले असेल कुणास ठाऊक. पण 'नीट बोलताय' हे त्याला फार लागले. तो म्हणाला, "मावशी, हे नीट बोलणं मी किती वर्षांत शिकलोय ते त्यांना काय माहीत? समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधे बघायचं, मनात तीनपर्यंत मोजायचं, मग हसायचं."

आणखी एक गोष्ट तो बोलला, ती मी विसरू शकत नाही. कुवेतमध्ये सिनेगॉग नाही. आपले 'कर' आडनाव पाहून लोक महाराष्ट्रीय म्हणून सोडून देतात, तोही जास्त काही सांगत नाही. घरातल्या घरात दिवे लावतो, किप्पूरला रजा टाकून घरी बसतो. तो म्हणाला, "ऑफिसात मी दोन गोष्टी झाकून ठेवतो. धर्म झाकायला काही करावं लागत नाही, तो मनात असतो. हे दुसरं झाकायला मात्र रोज आठ तास राबावं लागतं. घरी आलो की अंगात बोलण्याचं त्राण नसतं, आणि बायकोला वाटतं मी रागावलोय."

शेवटी वार्षिक रजेत तो मुंबईला आला आणि एका मानसोपचारतज्ज्ञांना भेटला. त्यांनी त्याला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंकडे पाठवले. बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितले, "पुढच्या खेपेला आईला घेऊन या. शाळेची प्रगतिपुस्तकं असतील तर तीही."

का, ते समजून घेण्यासारखे आहे, कारण आपल्या वयाच्या लोकांचे काम इथे सुरू होते. रक्त तपासून किंवा मेंदूचा फोटो काढून स्वमग्नता कळत नाही. माणसाशी बोलून, त्याचे वागणे पाहून आणि लहानपणाची हकीकत ऐकून ती ठरवावी लागते. ही लक्षणे अगदी लहान वयापासून असायला हवीत अशी अट आहे. मोठेपणी माणूस ती झाकायला शिकतो, हेही डॉक्टरांच्या पुस्तकात आता लिहिलेले आहे. मग लहानपण कुणाला माहीत? स्वतःला तीन वर्षांचा असतानाचे काय आठवणार? ते आईला माहीत असते, मोठ्या बहिणीला, मावशीला, आत्याला माहीत असते. त्या माहितीवाचून डॉक्टर बरेचदा अडतो. आणि चाळिशीच्या मुलाची आई सत्तरीची असते. आज आहे, उद्या तिची आठवण जाईल, नाहीतर तीच जाईल. तिच्या डोक्यात जे आहे ते दुसऱ्या कुठल्याही रुग्णालयाच्या कपाटात मिळणार नाही. म्हणून मुलाने "आई, मी लहानपणी कसा होतो?" असे विचारले तर फोन ठेवू नका.

बहिणीला तिथपर्यंत न्यायला मला तीन आठवडे लागले. ती आली तीच ठरवून, की लेकाची काही उणी बाजू सांगायची नाही. बाईंनी काहीही विचारले की, "गुणी होता हो. त्याने मला कधी त्रास दिलाच नाही." बाई शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी विचारले, "कपड्यांचं काही होतं का?" बहीण म्हणाली, "नाही, काही नाही. शर्टाच्या कॉलरमागचं लेबल तेवढं मी आणल्या आणल्या उसवायचे. ते टोचायचं त्याला. शाळेच्या गणवेशाचंसुद्धा. आणि नवीन शर्ट दहा वेळा धुतल्याशिवाय घालायचा नाही." बोलता बोलता ती थांबली. मग एकेक आठवत गेले.

तीन वर्षांचा होईपर्यंत बोललाच नाही, आणि बोलला तो एकदम लांबलचक वाक्ये, रेडिओवरच्या निवेदकासारखी. हवे ते बोट दाखवून मागायचा नाही. आईचा हात धरून त्या वस्तूवर नेऊन ठेवायचा. पापलेटचे कालवण आवडीने खायचा, पण त्यात कोथिंबिरीचे पान दिसले की ताट सरकवायचा. सिम्हाथ तोराच्या रात्री सिनेगॉगात सेफेर घेऊन सगळे नाचत असताना हा बाहेर पायऱ्यांवर कानांत बोटे घालून बसायचा. एकदा त्यासाठी आमच्या थोरल्या मामांनी त्याला मारले होते. मी तिथेच होते. मामा चुकले असे त्या वेळी मला वाटले नाही.

आणि ज्याचे आम्ही कौतुक करत होतो तेही त्यातलेच निघाले. आठ वर्षांचा असताना घरातले जुने-नवे सगळे लुआख त्याने पाठ केले होते. किप्पूर शुक्रवारी किंवा रविवारी कधीच येत नाही, हे त्याने स्वतःच शोधून काढून हज्जानसाहेबांना सांगितले होते. साऱ्या सिनेगॉगाने त्याची पाठ थोपटली. त्याच मुलाला एकही मित्र नव्हता, याकडे मात्र कुणी पाहिले नाही. प्रगतिपुस्तकांत शेरे होते, आणि पाचवीपासून दहावीपर्यंत निरनिराळ्या शिक्षकांनी जवळजवळ तेच लिहिले होते: अभ्यासात उत्तम, मुलांत मिसळत नाही.

दुसऱ्या भेटीच्या शेवटी बहिणीने बाईंना विचारले, "माझ्याच हातून काही चुकलं का? मी नोकरी करायचे. तो आजीकडे असायचा."

हा प्रश्न तुमच्यापैकी पुष्कळ आयांच्या मनात येईल, म्हणून स्पष्ट लिहिते. आईच्या थंडपणामुळे मुले अशी होतात, असे एकेकाळी मोठमोठे डॉक्टर सांगत असत. कॅनर यांच्या लिखाणातही त्याच्या खुणा आहेत. ब्रूनो बेटेलहाइम या व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेल्या गृहस्थांनी तर १९६७ साली त्यावर जाडजूड पुस्तक लिहिले आणि हजारो आयांना रडवले. ते सगळे खोटे ठरले आहे. १९७७ मध्ये लंडनला जुळ्या मुलांचा अभ्यास झाला. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांत एक स्वमग्न असेल तर दुसरे तसे असण्याचा संभव पुष्कळ जास्त आढळला, आणि ही गोष्ट जन्माबरोबरच येते हे तेव्हापासून पक्के होत गेले. लस टोचल्याने असे होते, ही अफवाही १९९८ च्या एका निबंधातून उठली. ज्या मासिकाने तो छापला त्यानेच २०१० मध्ये तो मागे घेतला. आईच्या नोकरीशी, आजीकडे ठेवण्याशी, दूध लवकर सोडण्याशी याचा काहीएक संबंध नाही.

पण 'जन्माबरोबर येते' म्हटले की आपल्याकडे दुसरी भीती उभी राहते. बहीण मला रात्री म्हणाली, "धाकटीच्या मुलीचं लग्न व्हायचंय. बाहेर कळलं तर?" आपला समाज केवढासा. नवागावच्या किनाऱ्यावर उतरलेली सात जोडपी, असे आपण आपले मूळ सांगतो. एका घरातली गोष्ट ठाण्याहून भायखळ्याला आणि तिथून अश्दोदला पोचायला शब्बाथही उलटावा लागत नाही. ही भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण माझे मत असे, की लग्नाच्या बाजारात लपवून आपण मुलीचे काही वाचवत नाही. फक्त घरातल्या एका माणसाला, तू लपवण्यासारखा आहेस, हे परत एकदा सांगतो. ते त्याने बेचाळीस वर्षे ऐकले आहे. शिवाय, ज्या घरी आजोबा कुणाशी बोलत नसत, काका लग्न न करता घड्याळेच दुरुस्त करत बसत, त्या घरांत हे आधीपासून होतेच, आणि त्यांच्याही मुलींची लग्ने झाली.

अहवाल हातात आला. स्वमग्नता आहे, पहिल्या पातळीची, म्हणजे थोड्या आधाराने चालू शकेल अशी. सोबत चिंतेचा विकार. चिंतेवर औषध आहे, ते सुरू झाले. स्वमग्नतेवर औषध नाही आणि ती बरी करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. मग मिळाले काय? घरातली पांढरी ट्यूबलाइट जाऊन पिवळा दिवा आला. कामावरून आल्यावर अर्धा तास त्याच्याशी कुणी बोलत नाही, मग तो आपणहून येऊन बसतो. बायको मला म्हणाली, "मावशी, नऊ वर्षं मला वाटत होतं ह्यांना माझी पर्वाच नाही." आणि मुलगा कानांत बोटे घालतो तेव्हा बाप त्याला रागावत नाही, त्याच्या शेजारी बसून स्वतःही घालतो.

कंपनीत सांगायचे की नाही, यावर घरात वाद झाला. सुनेचे म्हणणे, सांगून मोकळे व्हावे. मी नको म्हटले. कुवेतमध्ये राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की बायकोमुलाचाही परवाना जातो. वरिष्ठ समजूतदार निघाला तर ठीक, न निघाला तर? त्याने मधला मार्ग काढला. निदानाचे नाव न घेता साहेबांना एवढेच सांगितले, की तोंडी सूचना माझ्या ध्यानात राहत नाहीत, ईमेलवर द्याल तर काम चोख होईल. साहेब म्हणाले, उत्तम. इस्रायलमध्ये वारा वेगळा आहे. तिथे सैन्यानेच २०१३ पासून 'रोईम राखोक' नावाच्या उपक्रमात स्वमग्न तरुणांना विमानातून घेतलेली छायाचित्रे तपासायच्या कामासाठी घेतले आहे, कारण त्यांची नजर बारीक असते. पण प्रत्येकाने आपल्या गावचा वारा पाहून बोलावे. अहवाल त्याचा आहे. कुणाला दाखवायचा ते त्याने ठरवायचे, आपण नव्हे. हे मी बहिणीलाही बजावले, कारण आधी नाकारणारी ती आता शेजारणीला सांगायला निघाली होती.

भारतात सरकारी सवलतींसाठी प्रमाणपत्र लागते, ते वेगळे. त्यासाठी सरकारने ठरवलेली चाळीस मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी लावतात आणि ते सरकारी रुग्णालयातून मिळते. खाजगी अहवाल त्याला पुरत नाही. भाच्याला त्याची गरज नव्हती.

थोडे सावधगिरीचेही बोलते. हल्ली पन्नास प्रश्नांची एक चाचणी मोबाइलवर सहज मिळते. केंब्रिजच्या लोकांनी २००१ मध्ये ती केली. चांगली आहे, पण ती निदान नव्हे; डॉक्टरांकडे जावे की नाही एवढे तिच्यावरून ठरवावे. लाजाळू, अबोल, पुस्तकात डोके घालून बसणारा प्रत्येक माणूस स्वमग्न नसतो. उदासीनता, चिंता, कमी ऐकू येणे यांतही माणूस एकटा पडतो. आणि मुलींच्या बाबतीत उलट चूक होते. त्या नकला करून निभावून नेतात, दुसऱ्या मुलींसारखे हसतात-बोलतात, म्हणून त्यांच्याकडे कुणाचे लक्षच जात नाही. तुमची मुलगी पन्नाशीला आली आणि माणसांत गेली की दोन दिवस आजारी पडते, तर तिचेही ऐका.

तुमच्या वयाचे एक सांगायलाच हवे. हे वाचून कुणाला आपल्या नवऱ्याची आठवण येईल, कुणाला स्वतःची. माणूस आयुष्यभर तसाच असेल तर शक्य आहे. पण पासष्ट-सत्तरीपर्यंत मोकळा असलेला माणूस गेल्या वर्षा-दोन वर्षांत बोलेनासा झाला, तिरसट झाला, तेच तेच करू लागला, तर ती स्वमग्नता नव्हे. तो विसरभोळेपणाचा आजार असेल, उदासीनता असेल, लहानसा झटका येऊन गेला असेल, थायरॉइड असेल. तिथे वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. आणि जे आयुष्यभर तसेच आहेत त्यांनी पंचाहत्तरीत तपासणी करावी का? मला वाटते, उपयोग असेल तर करावी. इस्पितळात दाखल होताना किंवा वृद्धाश्रमात जाताना, यांना दिव्याचा आणि टीव्हीचा त्रास होतो, हे कागदावर असले तर कर्मचारी ऐकतात. नाहीतर म्हातारा हट्टी आहे म्हणून मोकळे होतात. मी त्यांच्यातच होते, मला माहीत आहे.

मुंबई-ठाण्यात कुठे जायचे ते विचाराल. केईएम, नायर, सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. घरून बोलायचे असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, क्रमांक १४४१६. तिथे मराठीतही बोलता येते. आईला घेऊन जाणार असाल तर आधी विचारून घ्या, की मुलाखत मराठीत होईल ना. इंग्रजीत आई 'गुणी होता' यापुढे जात नाही.

आणि आजच एक वही घ्या. आठवेल तसे लिहा, क्रम लागतो आहे का ते पाहू नका. चांगले-वाईट ठरवू नका. आपल्याला वेडेपणा वाटेल तोही लिहा. लेबले उसवायचे ते सांगण्यासारखे आहे असे माझ्या बहिणीला तरी कुठे वाटले होते? मुलांची प्रगतिपुस्तके रद्दीत घालू नका. जुने फोटो पाहा. त्यात कुठे उभा आहे, कॅमेऱ्याकडे पाहतो आहे का, ते ध्यानात येते.

बहिणीची वही आता अर्धी भरली आहे. डॉक्टरांचे काम झाले तरी ती लिहिते आहे. गेल्या मंगळवारी सकाळी सहालाच तिचा फोन आला. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या टाप्यावर आम्ही सगळे मलिद्याला गेलो होतो, भाचा तेव्हा पाच वर्षांचा. गाणी सुरू झाली तसा तो नाहीसा झाला. अर्धा तास शोधाशोध. सापडला तो खडकाच्या पलीकडे, सगळ्यांच्या चपला लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावत बसलेला. त्या दिवशी प्रत्येकाला आपली चपल शोधायला किती वेळ लागला ते आठवून ती हसत होती.

"हे लिहू का?" तिने विचारले.

मी म्हटले, "लिही."